करड्या रंगाच्या शोधात

संपेंगच्या गल्लीत वस्तूचा भाव विचारला की उलटा प्रश्न येतो : किती घेणार? तोही तोंडानं नाही, बोटांनी. दुकानातली मुलगी आधी एक बोट दाखवते, मग तीन, मग दोन्ही पंजे उघडून वर आणखी दोन बोटं. एका नगाला एक भाव, तिनांना दुसरा, डझनाला तिसरा. हे तिन्ही भाव पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करनं लिहून मालाच्या ढिगात खोचलेले असतात, त्यामुळे तिथपर्यंत हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. खरी घासाघीस डझनाच्या पुढे सुरू होते आणि ती कॅल्क्युलेटरवर चालते. मुलगी आकडा टाकून यंत्र आपल्याकडे फिरवते, आपण तो पुसून आपला टाकायचा, यंत्र परत. एक शब्द न बोलता चार फेऱ्या होतात. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर ज्या कामासाठी पावसापाण्यापासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळं बोलावं लागतं, ते इथे मख्ख चेहऱ्यानं उरकतं. शेवटच्या आकड्याला मात्र मुलगी हसते. हसली की सौदा झाला.

मला हे मानवलं. वसई स्टेशनच्या पश्चिमेला माझं कटलरीचं दुकान आहे. टिकल्या, क्लिपा, बांगड्या, रिबिनी, मेंदीचे कोन, राख्यांच्या दिवसांत राख्या. माल मस्जिद बंदरच्या बाजूचा. लोकलनं मरीन लाइन्सला उतरायचं, चालत बाजारात जायचं, उन्हं कलायच्या आत गठ्ठे बांधून परत विरार गाडी पकडायची आणि लगेजच्या डब्यात कोळणींच्या रिकाम्या पाट्यांशेजारी उभं राहून घरी यायचं. धंदा करणाऱ्या आम्हा वसईकर बायकांची अर्धी अक्कल त्या डब्यात मिळवलेली आहे. कुठल्या गल्लीत काय नवीन आलं, कोणी भाव चढवला, कोणाचं वजनमाप खोटं, हे सगळं वसई यायच्या आत कळतं.

बँकॉकचं खूळ तिथंच डोक्यात शिरलं. थायलंडनं नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, आणि बघता बघता डब्यातल्या गप्पांत प्रतुनाम, संपेंग ही नावं भायखळा-भुलेश्वरसारखी यायला लागली. "तिकडे सगळं फुकटात मिळतं" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की खात्री करून घ्यावीशी वाटली. दुकानदाराला फुरसत कधी? पितृपक्षात. गणपती गेलेले असतात, नवरात्र यायचं असतं, गिऱ्हाईक नवी टिकलीसुद्धा घेत नाही. विमानाची तिकिटंही तेव्हा उतरलेली मिळाली. म्हणून 2024 च्या पितृपक्षात निघायचं ठरलं, आणि सोबतीला नणंद. तिचं सासर निर्मळच्या बाजूला, घरची वाडी, मोगरा आणि सोनचाफा दादरच्या फूलबाजारात जातो. तिचेही हेच मोकळे दिवस.

तिनं विमानतळावरच हरकत काढली. "वहिनी, पितृपक्षात खरेदी?"

"वापरायला घेत नाही गं, विकायला घेतोय. विकायच्या मालाला पक्ष नसतो."

शास्त्राधार मी जागच्या जागी तयार केला होता, पण तिचं समाधान झालं.

संपेंग ही बँकॉकच्या चिनी वस्तीतली, याओवारात रस्त्याला समांतर धावणारी गल्ली. पहिल्या रामा राजानं 1782 मध्ये नदीच्या पूर्व काठावर नवी राजधानी वसवली तेव्हा राजवाड्यासाठी जी जागा निवडली तिथे चिनी व्यापारी राहत होते. त्यांना तिथून हलवून तटाबाहेर संपेंगला जागा दिली. त्यांनी जी दुकानं मांडली ती आजतागायत मांडलेलीच आहेत. गल्लीची रुंदी म्हणाल तर दोन माणसं आणि एक हातगाडी. त्यात मोटारसायकली येतात. माणसांनी कुठे जायचं, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. गाडीवाला मागून ओरडला की दुकानात शिरायचं, आणि शिरलोच आहोत तर काहीतरी उचलायचं. मला तर वाटतं अर्धी विक्री या ढकलाढकलीवरच होत असावी.

सकाळी जरा लवकरच पोचलो. शटरं वर जात होती. एका मण्यांच्या दुकानात मी काचमण्यांच्या लडी घेतल्या, नोट दिली. दुकानदारीण वयस्क, चष्म्यावरून बघणारी. तिनं ती नोट गल्ल्यात टाकली नाही. हातात धरून समोरच्या मण्यांच्या पेट्यांवर, टांगलेल्या माळांवर, दाराजवळच्या ढिगावर अशी टपटप मारत गेली आणि तोंडानं काहीतरी पुटपुटली. नणंदेनं माझा दंड धरला. "भवानी केली बघ हिनं!" आणि स्वतःच हात जोडून मोकळी झाली. दुकानदारिणीला काय वाटलं कोण जाणे, तिनं आमच्या पिशवीत एक लड जास्तीची टाकली. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, हे तिकडेही पाळतात. त्यानंतर रोज आम्ही शटरं उघडण्याच्या वेळेलाच जात राहिलो. पहिल्या गिऱ्हाइकाशी कोणी फार ताणत नाही.

माझी यादी लांबलचक नव्हती. नऊ रंग. मुंबईच्या बाजूला नवरात्रात वर्तमानपत्रं जे रंग छापतात आणि ज्याप्रमाणे बँकांपासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळ्या बायका एका रंगात दिसतात, तो आता कटलरीवाल्यांचा दिवाळीच्या तोडीचा हंगाम झाला आहे. 2024 मध्ये नवरात्र गुरुवारी, 3 ऑक्टोबरला बसत होतं. पिवळा, हिरवा, करडा, केशरी, पांढरा, लाल, निळा, गुलाबी, जांभळा. साडी, ड्रेस बायकांकडे असतात. नसतं ते केसांना लावायचं त्या रंगाचं काही. कापडी रबर, बो, क्लिप, असं वीस-तीस-पन्नास रुपयांत मिळणारं. हे सगळं डझनानं, पण एका रंगाचं एक पाकीट असं सुटं हवं. आणि इथेच संपेंगचं घोडं अडतं. घाऊक पाकीट मिश्र रंगाचं असतं आणि ते फोडून देत नाहीत.

एका केसांच्या वस्तूंच्या दुकानात मी फोनवर नऊ रंगांचे चौकोन काढून दाखवले. काउंटरवरच्या मुलीचा चेहरा उजळला. तिनं सात बोटं दाखवली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. तिला वाटलं मला वारांचे रंग हवेत. थाई लोकांचे सात वारांचे सात रंग ठरलेले आहेत : सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार केशरी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा, रविवार लाल. आधीचा राजा आणि आताचा राजा दोघेही सोमवारी जन्मलेले, म्हणून पिवळ्याला तिकडे केवढा मान. मी मान हलवून नऊ बोटं दाखवली. तिनं पुन्हा सात. शेवटी आतून एक बाई आल्या, मूळच्या ब्रह्मदेशातल्या नेपाळी. बँकॉकच्या बाजारांत असे लोक पुष्कळ भेटतात आणि हिंदी छान बोलतात. त्यांना नवरात्र म्हटल्याबरोबर समजलं. त्यांनी मालकिणीशी बोलून पाकिटं फोडायची परवानगी काढली, अट एवढीच की प्रत्येक रंगाचे सहा डझन घ्यायचे. डझनाला 80 बाट. कॅल्क्युलेटर फिरला आणि 68 वर थांबला.

आठ रंग जमले. करडा नाही. त्या दुकानात नाही, शेजारी नाही, राचवोंग रस्ता ओलांडून पलीकडच्या टोकापर्यंत नाही. चंदेरी दाखवत होते, काळा दाखवत होते, एकानं तर फिकट जांभळा हातात ठेवून तो करडाच असल्याचं मला पटवायचा प्रयत्न केला. बाजारात बारीक पोरीसाठी करड्या रंगाची क्लिप बनवायला कोण बसलंय? आमच्याकडेही एरवी हा रंग कोणी मागत नाही. पण त्या शनिवारी वसई-विरारच्या प्रत्येक बाईला तो हवा असणार होता आणि कोणाकडेच नसणार होता. दुकानदाराला याहून चांगला दिवस कुठला?

त्या दिवसांत संपेंगमध्ये दुसरीच एक लगबग चालू होती. दारोदार पिवळे झेंडे लागत होते, कपड्यांच्या दुकानांत पांढरे सदरे आणि पायजम्यांचे ढीग आले होते. चिनी नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून तिकडे नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो. मांस-मच्छी, अंडी, दूधच काय, लसूण आणि कांदासुद्धा बंद, अंगावर पांढरे कपडे. नेपाळी बाईंनी तारीख सांगितली तेव्हा नणंद बघतच राहिली : 3 ऑक्टोबर. आपली घटस्थापना. तिला या योगायोगात देवीचा हात दिसला. मला पांढऱ्या बोचे भाव चढलेले दिसले. पांढरा आमच्याकडे सोमवारी लागणार होता, तो आधीच घेऊन ठेवला होता म्हणून बरं.

करड्याचा तिढा नणंदेनं सोडवला. रिबिनींच्या दुकानासमोर ती थांबली होती. आत छतापर्यंत रिळं. सॅटिन, ऑरगंझा, वेलवेट, पाव इंचापासून चार बोटांपर्यंत, आणि काउंटरवर शेडकार्ड : रिबिनीचे छोटे तुकडे चिकटवलेले, प्रत्येकाखाली नंबर. त्यात करड्याच्याच पाच छटा होत्या. राखेसारखा, पावसाळी ढगासारखा, पारव्याच्या पाठीसारखा. "वहिनी, बो कशाला विकत घेतेस? रिबीन घे. बो आपल्याकडे होतील." खरंच होतं ते. नालासोपारा-विरारच्या चाळींत दुपारचं काम आटोपून इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवणाऱ्या, माळा ओवणाऱ्या शेकडो बायका आहेत. नगावर मजुरी. त्यांच्या हातात गोंदाची बंदूक आणि रिबीन दिली तर एका रात्रीत करड्या बोचा डोंगर. दोन छटा घेतल्या, 25 वारांची रिळं. रीळ घेताना तिथल्या माणसानं ते उलगडून, आतून जोड नाही ना हे बोटांनी चाचपून दाखवलं. मला हे आवडलं. आमच्याकडे जोड निघतो तो घरी गेल्यावर.

आता हिशेब. एक बाट म्हणजे तेव्हा साधारण अडीच रुपये. 68 बाट डझन म्हणजे नग चौदा-सव्वाचौदा रुपयांना. त्यावर मालवाहतूक आणि सरकारी कर. दुकानाचा माल प्रवासाच्या बॅगेत घालून आणायचा नसतो. तेव्हा बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंतची जी सूट होती ती स्वतःच्या सामानापुरती. म्हणून आमचा माल वसईतल्या एका ओळखीच्या आयातदाराच्या खेपेतून विमानानं आला, आणि विमानाची मालवाहतूक किलोवर. काचमणी तिथे स्वस्त, पण वजनानं मारतात. रिबीन, कापड, फोम, पिसं, असला हलका माल परवडतो. हे सगळं धरून नग वीस रुपयांच्या आसपास पडला. तसाच नग अब्दुल रहमान स्ट्रीटला अठराला मिळतो. कारण उघड आहे : दोन्हीकडचा बहुतेक तयार माल चीनमधूनच येतो. तो समुद्रमार्गे थेट न्हावाशेवाला उतरलेला घ्यायचा, की बँकॉकला उतरलेला घेऊन विमानानं आणायचा, एवढाच फरक. "तिकडे सगळं फुकटात" म्हणणाऱ्यांनी हॉटेल आणि तिकीट बहुधा नवऱ्याच्या खात्यावर लिहिलं असावं.

प्रतुनामला एक दुपार घालवली. कपड्यांच्या दुकानांत तीन नग घेतले की घाऊक भाव, विकणाऱ्यांना हिंदीतले आकडे पाठ, गिऱ्हाइकांत निम्मे आपलेच लोक. वातानुकूलित इमारती आहेत, पाय दुखत नाहीत, आणि मजाही येत नाही.

फाहुरात मात्र बघण्यासारखं. संपेंगच्या पश्चिम टोकाला कालवा ओलांडला की ही हिंदुस्थानी लोकांची कापडपेठ लागते. शीख आणि सिंधी व्यापाऱ्यांच्या पिढ्या तिथे गेल्या, गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट दुरून दिसतो. तिथे आपल्याच टिकल्यांची पाकिटं, आपल्याच बांगड्या, अगरबत्त्या, सगळं तिप्पट भावानं मांडलेलं. टिकलीचं एक पाकीट मी हातात घेऊन उलटं केलं, मागे छापलेली किंमत खोडून बाटचं लेबल लावलेलं. मालकाशी गप्पा झाल्या. वसई म्हणताच म्हणाला, "वहाँ से तो माल आता है।" त्याला माल विकायला आले असते तर या फेरीत कमाई झाली असती.

नणंदेची फेरी वेगळी होती. तिला पहाटे तीनला जाग येते. चाफा तोडून पहिल्या गाड्यांना फुलं दादरला पाठवायची, ही त्या घराची आयुष्यभराची घडी. बँकॉकमध्येही तिला तीनलाच जाग आली, आणि ती एकटी जाईल या भीतीनं मीही उठले. पाक ख्लोंग तलात हा नदीकाठचा फूलबाजार चोवीस तास चालतो, पण त्याची खरी वेळ तीच. पूर्वी फुटपाथही फुलांनी भरलेला असायचा. 2016 मध्ये तिथले विक्रेते उठवले आणि बाजार आतल्या छपरांखाली सरकला. तरी झेंडूच्या पारदर्शक पिशव्यांच्या राशी रस्त्यापर्यंत येतातच.

नणंद तिथे गिऱ्हाईक म्हणून फिरत नव्हती. परीक्षक म्हणून फिरत होती. मोगऱ्याची कळी उचलून नखानं दाबून बघ, झेंडूचा देठ वास घेऊन बघ. कळ्या बर्फात ठेवलेल्या होत्या. पिशवीत कळ्या, वर बर्फाचा चुरा, खाली पाणी निथळायला जाळी. "आमच्याकडे ओलं फडकं," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या जाळीकडेच बघत राहिली. पांढरा चाफा हारांच्या टोकाला गोंड्यासारखा लोंबता बांधतात. जांभळ्या ऑर्किडच्या जुड्या पाहून ती हसली; याच जुड्या दादरला डेकोरेशनवाले घेतात आणि त्या थायलंडहून येतात हे तिला माहीत होतं. इथला भाव ऐकल्यावर हसू गेलं.

पण तिला खरा धक्का दिला रुईनं. आपली रुई, मारुतीच्या हारातली, रेल्वेच्या रुळांकडेला माजणारी. तिथे रुईच्या फुलातला मधला मुकुटासारखा भाग तेवढा काढून, मण्यांसारखा ढीग करून विकत होते. हारात मोगऱ्याच्या कळ्यांमध्ये तो ओवतात. एक बाई लांब सुईवर ते ओवत बसली होती. सुई वीतभर, एका दमात वीस कळ्या, आणि मग सगळं एका झटक्यात दोऱ्यावर उतरवायचं. नणंद तिच्या पुढ्यात बसली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. नणंदेनं सुई मागितली, पाच-सहा कळ्या ओवल्या, बाईनं त्यातली एक काढून टाकली. उमललेली होती. नणंद खट्टू झाली नाही. "बरोबर आहे तिचं," म्हणाली. तिला तिथल्या मोगऱ्याची फांदी आणायची होती, पण परवान्याशिवाय रोप किंवा फांदी देशात आणता येत नाही, हे मी तिला वाटेतच बजावलं होतं. तिनं ती सुई विकत घेतली. दहा बाट.

उजाडताना नदीवर गेलो. पलीकडच्या काठावर सांता क्रूझ चर्चचा घुमट. तिथे पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे, राजा ताकसिननं 1769 च्या सुमारास जागा दिलेली. आमच्या वसईत पोर्तुगीज 1534 मध्ये आले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. घालवल्यावरही चर्चं राहिली, माणसं राहिली, भाषेत शब्द राहिले. नणंदेच्या वाडीला लागून ख्रिस्ती शेजाऱ्यांची वाडी आहे, दोन्ही घरांचा चाफा एकाच टेम्पोनं स्टेशनला जातो. म्हणून तिला त्या घुमटाचं नवल वाटलं नाही. तिला भूक लागली होती.

तिथेच एका टपरीवर पारदर्शक पाकिटांतली सुकवलेली केळी दिसली. सोनेरी-तपकिरी, चपटी केलेली. आगाशीला मामांच्या घरात वाढलेल्या मला ते काय आहे हे सांगावं लागलं नाही. सुकेळी! आपली राजेळीची, सोलून उन्हात वाळवलेली, सोपटात बांधून येणारी. थाई सुकेळी नामवा जातीच्या केळ्यांची असतात आणि फित्सनुलोक प्रांतातला बांग क्राथुम भाग त्यासाठी नावाजलेला. तिकडे केळी उघड्यावर टाकत नाहीत. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक कमानींखाली वाळवतात, त्यामुळे माशी बसत नाही आणि अवेळी पाऊस आला तरी नुकसान होत नाही. चवीला आपल्यापेक्षा मऊ आणि थोडी कमी गोड. पाकिटावर वजन, तारीख, कुठली केळी, सगळं छापलेलं. आमच्याकडे सुकेळी विकत घ्यायची तर ओळखीचं घर लागतं, आणि अशी घरंही आता मोजकीच उरलीत.

ही पाकिटं मी घेतली. घाऊक नाही, घरच्यांपुरती. आणि परत संपेंगला जाऊन झिपची कोरी पाकिटं घेतली, ज्यांच्यासाठी तिथे एक अख्खं दुकान आहे.

करड्या रंगाचे बो शनिवारी दुपारपर्यंत संपले. पन्नासाला एक विकला आणि त्यात बो बांधणाऱ्या बायकांची मजुरीही सुटली. बाकीचे आठ रंग गेले, पण तसे ते कुठूनही घेतले असते तरी गेले असते. काचमण्यांच्या लडी अजून पडून आहेत.

दसऱ्याच्या आधी आगाशीला माहेरी गेले तेव्हा थाई सुकेळी अजून घरी सुकेळी करणाऱ्या मामांपुढे ठेवली. मामांनी ती नखानं तोडली, उजेडात धरली, खाल्ली. "बरी आहे. राजेळी नाही ती." मग पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, झिप तीन वेळा उघडली-लावली.

"हे रिकामं केवढ्याला पडतं?"

"शंभर घेतली तर दीड रुपयाला एक. तिकडे."

"आणि हजार घेतली तर?"

मी पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला. मामी आतून म्हणाली, आधी जेवून घ्या.